उणे अठरा

सूरच्या बंदरामागं मासळीचं कोठार.
बाहेर पंचेचाळीस, आत उणे अठरा.
विश्राम मधल्या दारातून
दिवसाकाठी चाळीसदा ये-जा करतो
आणि कंपनीची टोपी कानांपर्यंत पोचत नाही.

म्हणून भर मे महिन्यात मी लोकर मागवली,
निळी, आणि एक सायीच्या रंगाची.
मत्राच्या दुकानदारानं फोनवर दोनदा विचारलं,
लोकरच ना बाई? सूत नाही?

विणायला शिकवलं लाहौलच्या डोल्मानं.
इथल्या इस्पितळात नर्स होती, आता सलालाला गेली.
एका ओळीत दोनच रंग, ती म्हणायची,
तिसरा आला की हात भांबावतात.
एक धागा उजव्या बोटावर, एक डाव्या.
ज्याची पाळी नाही त्यानं मागून चालायचं,
पाच टाके झाले की त्याला अडकवून घ्यायचं,
आणि ओढायचं नाही. ओढलंस की नक्षी आक्रसते.
जो धागा खालून येतो
तोच पुढून ठसठशीत दिसतो.
का, ते तिलाही माहीत नव्हतं.

एकशे आठ टाके घातले.
जपमाळ मनात नव्हती,
विश्रामच्या डोक्याचा घेरच तेवढा.
बारा घरांची नक्षी, नऊ वेळा.
मुलीच्या गणिताच्या वहीत इसवण काढली,
शेपटीला दुफाटा, पोट जरा सुटलेलं.
विणून बघते तर लेप!
चपटी, वाळूत दबा धरून बसलेली.
दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.
मग कळलं, वहीतलं घर चौकोनी असतं,
टाका नसतो. टाका बसका, रुंदीला जास्त.
तेव्हापासून कागदावर मी मासे
फुगलेले काढते, टम्म, बघणाऱ्याला हसू येईल असे.

कोठारात सगळ्यांचे कोट सारखे, तोंडं झाकलेली.
विश्राम मात्र लांबून ओळखू यायला लागला.
मग अलवीला टोपी हवी झाली.
नारळ नको, म्हणाला, नारळ कुणीही काढेल,
मला वल्ही काढा.
खलफान मुकादमाला बापाच्या गलबताचा नांगर.
आणि बोरिसालच्या नोकुलनं
खोक्याच्या पुठ्ठ्यावर घाटाच्या पायऱ्या पाठवल्या,
एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच.
मी निरोप धाडला, जुळत नाही, एक वाढव.
उत्तर आलं, वहिनी, ती नदीनं नेली.

अकरा घरं. एकशे आठला भाग जात नाही.
एकशे दहा घातले.
नोकुलचं डोकं लहान, टोपी भुवयांवर उतरते.
तो चालवून घेतो.

शेजारची झुवैना वाळवंटातली.
तिची आई जमिनीवर माग ताणून
उंटांचे पट्टे विणायची,
घोड्याचे दात नावाची नक्षी तिला तोंडपाठ.
कागद कुठला, झुवैना म्हणते, बोटं होती.
माझी टोपी हातात घेतली की ती आधी उलटी करते,
आतले धागे नखानं चाचपते,
एखादा लोंबता सापडला
की नुसती माझ्याकडे बघते.
मासा तिनं अजून पाहिला असेल
असं मला वाटत नाही.

दुपारी डबा घेऊन मी मागच्या दाराशी जाते.
दार उघडतं, पांढरा धूर पायांवर येतो,
धुरातून आधी नऊ इसवणी आणि मग विश्राम.
लोकरीच्या केसाकेसावर बर्फाचा भुगा,
निळ्यावर, सायीवर, दोन्हींवर सारखाच.
डोल्मानं बजावलेला तिसरा रंग.
कुठे कुठे बसलाय ते मी मोजू बघते,
चौथ्या मासळीपर्यंत पोचते
तोवर त्याच्या कानामागून पाणी ओघळतं.
अगं डबा दे, तो म्हणतो, दहाच मिनिटं आहेत.